चादरीखालची हिरवी सायकल

सोमवार, ९ डिसेंबर २०२४

ठाणे! घोडबंदर रोडवरचं हॉटेल. सुरतेहून गोव्याला निघालेले आम्ही अकरा सायकलवाले, उद्या इथे विश्रांतीचा दिवस. माझंच गाव — आणि मी चोरासारखी आले आहे.

बाबांना सांगितलंय, विश्रांती वापीला झाली, मंगळवारी सकाळी ठाण्यातून न थांबता पुढे. "थांबू नकोस, लय तुटते," म्हणाले. वर विचारलं, "चाकं सरळ पळतायत ना?" मी म्हटलं, मस्त पळतायत.

खोटं! त्यांनी सायकलदुरुस्तीचं दुकान सांभाळून चार महिने खपून बांधलेली हिरवी सायकल वर्तकनगरला माझी मैत्रीण भावनाच्या पार्किंगमध्ये चादरीखाली उभी आहे. मी भाड्याच्या, हलक्या कार्बनच्या सायकलवर. निघण्याआधी आमचा कॅप्टन मितेश हिरवी उचलून हसला होता — "घाटात ही तुलाच ढकलत न्यावी लागणार!" मला तिची लाज वाटली. बाबांच्या हातची असून.

मंगळवार, १० डिसेंबर

सगळ्यांना ठाणे दाखवायची जबाबदारी साहजिकच माझ्यावर! मास्क, टोपी, गॉगल. कौपिनेश्वराचं दर्शन घेतलं, पण देवाकडे नीट बघवलं नाही. मग तलावपाळीला बोटिंग. पायाने मारायची बोट! "सुट्टीच्या दिवशीपण पॅडल?" जागृती ओरडली. सुरतेची आहे, हसायला लागली की थांबत नाही. मीही हसले. खूप हसले.

मग कुणीतरी म्हणालं, नौपाड्यात मिसळ खाऊ. "मंगळवारी बंद असते," मी म्हटलं. किती सहज आलं तोंडातून! बाबांचं दुकान त्याच गल्लीत. शेवटी तलावाकाठी डोसे खाल्ले.

जागृती म्हणाली, "अगं, तू इथलीच ना? मग अशी घाबरल्यासारखी काय बघतेस?"

दिवस मजेत गेला. तेच सगळ्यात जास्त लागतंय.

बुधवार, ११ डिसेंबर. पेण

पहाटे माजिवड्यावरून निघालो. नौपाड्याच्या बाजूला मानसुद्धा वळवली नाही.

संध्याकाळी आईचा फोन. काल बाबा सकाळी सहापासून माजिवड्याच्या पुलाखाली उभे होते म्हणे. पंप, दोन ट्यूब, डिंकाचे लाडू. दुपारी दोनपर्यंत! "तुला थांबवणार नव्हते गं. सायकल कशी पळते, तेवढं बघायचं होतं त्यांना."

तेव्हा मी बोटीत होते.

मग बाबाच आले फोनवर. "एवढ्या सायकली गेल्या समोरून, आणि माझी हिरवी मला ओळखता आली नाही. आता दुकान आवरावं म्हणतो. नजरच गेली असेल तर डुलणाऱ्या चाकाचा आऊट कसा काढणार? लोकांची चाकं बिघडवायची का?"

अडुसष्ट वर्षांचा माणूस. चाक नुसतं फिरवून बघतो आणि कुठली तार ढिली आहे ते सांगतो. तो असं म्हणाला. सांगायची हीच वेळ होती. आणि मी काय बोलले?

"बाबा, डोळे दाखवून घ्या."

शी! मी असं बोलू शकते?

गुरुवार, १२ डिसेंबर. महाड

सुकेळी खिंडीत एक काका साध्या लोखंडी सायकलवर, मागे पावाची पेटी, सावकाश चढत होते. उतरले नाहीत. ढकललीही नाही.

दोनदा फोन हातात घेतला. दोनदा ठेवला. जेवण गेलं नाही. मितेश विचारत होता, सायकलला काही झालंय का? सायकल छान आहे. गोव्याहून घरी परतल्यावर समोरासमोर सांगीन, असं ठरवलंय. म्हणजे पुन्हा पुढे ढकललंय.

शुक्रवार, १३ डिसेंबर. चिपळूण

आईचा फोन. डॉक्टरांनी तपासलं. नजर एकदम चांगली, चष्म्याचा नंबरही तोच. बाबांना दे, म्हटलं. ते आले नाहीत. मागून त्यांचा आवाज मात्र ऐकू आला — "तिला विचार, माझी सायकल कुठे आहे."