दात आणि नखं

७ जुलै, लातूर
बातमी खरी निघाली. संस्थेचे सचिवसाहेब मुलींचं वसतिगृह कोचिंग क्लासवाल्यांना भाड्यानं देणार. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. बारावीच्या पोरी शिरूर अनंतपाळच्या, देवणीच्या. रोज ये-जा कोण करू देणार? शाळा सुटणार, मग लग्न.
प्राचार्यांना भेटले. "मॅडम, तुम्ही तासिकेवर आहात, कायम नाही. जरा जपून."
संध्याकाळी स्टाफच्या ग्रुपवर टाकलं : वुई विल फाइट टूथ अँड नेल फॉर द हॉस्टेल. पाठवलं.

८ जुलै
दोघांनी अंगठे दिले, लगेच काढूनही घेतले.
मेसेज माझ्याआधी वर्गात पोचलेला. वसतिगृहातल्या मयूरीनं विचारलं, "मॅडम, दातानं-नखानं म्हंजे?" फळ्यावर लिहून दिलं. शब्द दात-नखांचे, अर्थ जिवाच्या आकांतानं झगडण्याचा. मारामारी असायलाच हवी असं नाही. हक्कासाठी, घरासाठीही वापरतात. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मयूरी नुसती फळ्याकडं बघत होती.

१० जुलै
मला नोटीस. 'दातांनी व नखांनी हल्ला करण्याची धमकी.' कुणीतरी मोबाइलवर भाषांतर केलंय. सचिवसाहेब म्हणाले, "तुमच्याकडं वाक्प्रचार असंल, आमच्याकडं धमकीच हाय ही." लेखी माफी द्या, विषय मिटला.
नांदेडहून आईचा फोन. "कशाला अंगावर घेऊन राहिलीस? माग माफी. नोकरी हाय तं समदं हाय."
माफीनामा लिहिला. सही नाही केली अजून. उद्या करीन बहुतेक.

११ जुलै
वाईट झालं. महिनाअखेरची मुदत असताना दुपारीच सचिवसाहेबांची माणसं पोरींच्या पेट्या बाहेर काढायला आली. मयूरी दार अडवून उभी राहिली. एकानं दंड धरून ओढलं. ती त्याच्या मनगटाला चावली. रक्त आलं.
मी पोचले तर पायरीवर बसलेली. दंडावर बोटांचे वळ.
"मॅडम, अर्थ म्हाईत हाय मला. पण त्यो सोडंनाच. काय करू मग?"
मी तिच्या दंडावर ओला रुमाल धरून बसले.

१२ जुलै
मयूरीचे वडील आले. म्हणाले, "चल म्हणलं तर पोरगी उठंना. तुमीच सांगा बाई, ठिवू का न्हेऊ?"
प्राचार्यांचा निरोप : सोमवारी चौकशी. एवढंच म्हणा, मी शिकवलं, तिनं चुकीचा अर्थ घेतला. तुम्ही सुटाल.
आणि ती? तिच्या हातात दाखला.


१४ जुलै
सचिवसाहेब, प्राचार्य, त्यांचे वकील. टेबलावर माझा मेसेज छापून ठेवलेला.
वकील शांतपणे : "या वाक्प्रचारात खरंखुरं चावणं येतं?"
"नाही."
"म्हणजे मुलीचा गैरसमज झाला."
सगळे माझ्याकडं.
"नाही सर. अर्थ तिला बरोबर कळला होता. तुमच्या माणसानं तिला धरून ओढलं, ती सुटायला चावली. इंग्रजीचा त्यात संबंध नाही. मी माफी मागणार नाही."
प्राचार्यांनी मान खाली घातली. सचिवसाहेब म्हणाले, "बाहेर बसा."
व्हरांड्यात बसून हे लिहितेय. शेजारी मयूरी, तिलाही बोलावलंय; पलीकडं तिचे वडील, टोपी हातात. आत आवाज चढलेत. बोलले त्याचं वाईट वाटत नाही.
शिपाई आत्ता दारात आला. नाव मयूरीचं घेतलं, एकटीचंच.
आम्ही तिघंही उठलो.