कडेने धर

बाबा, तुमचं ते सोनेरी नाणं परवापरवापर्यंत इथे परदेशात, रोटोटुनाच्या घरी, आमच्या शोकेसमध्ये होतं. आई इथे राहायला आली ती ते रुमालात गुंडाळून घेऊन आली. "ह्यांची आठवण," म्हणाली. सोन्याचं नव्हेच ते, मुलामा दिलेली प्रतिकृती, कॉलेजात इतिहास शिकवताना वर्गात दाखवायची. पण तुम्ही ते इतकं जपायचात, की घरात आमच्यापेक्षा त्याचेच लाड जास्त.

ते बघितलं की रविवारची दुपार आठवते. तुम्ही टेबलावर मखमलीचा तुकडा अंथरता, मला जवळ बोलावता. एका बाजूला सिकंदर, कानावर मेंढ्याचं वळलेलं शिंग. मागे बसलेली देवी आणि त्याच्या एका सेनापतीचं नाव. "सिकंदर गेला, तरी ह्या सेनापतीने राजा झाल्यावर त्याचाच चेहरा छापला. मग हाही मेला, तरी शहरोशहरी तेच नाणं पाडत राहिले. मेलेला माणूस किती काळ चलनात राहतो बघ!" काय रंगवून सांगायचात! मी भान हरपून ऐकते आणि नाणं उचलते. अंगठा नेमका चेहऱ्यावर. "कडेने धर!" तुमचा आवाज बदललेला असतो. स्वयंपाकघरात आई पोळी तव्यावर तशीच सोडते आणि खिडकी लावून घेते, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मार नंतर बसायचा. त्याआधी ती कडी खट् वाजली, की मी अंग चोरून घ्यायचे.

गेल्या महिन्यात तुमची नात पोहून आली. अंगात पोहायचे ओले टॉग्ज, हाताला सनस्क्रीन, आणि सरळ शोकेस उघडून नाणं मुठीत. "कडेने धर!" मी ओरडले. हा आवाज माझ्या गळ्यातून कसा आला, देव जाणे. ती म्हणाली, "चिल, मम. इट्स नॉट ईव्हन रिअल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात किचनमधून खट् झालं. भर उन्हाळ्यात घरभर दारं-खिडक्या सताड उघडी, आणि आईने ओट्यावरची तेवढी लावलेली. पाठमोरी उभी होती, हात अजून कडीवर. माझा उचललेला हात मी खाली घेतला. लेकीला काही कळलंच नाही, ती चोखायला आइसब्लॉक मागत होती.

"का गं लावलीस?" मी नंतर आईला विचारलं.

"वारा होता."

वारा कसला डोंबलाचा! पान हलत नव्हतं.

मी नाणं लेकीला देऊन टाकलं. म्हटलं, जाऊ दे ही ब्याद. ती ते शॉर्ट्सच्या खिशात घालून हिंडते, हवेत उडवून झेलते. सिकंदराच्या नाकावरचा मुलामा उडालाय, आतलं पितळ दिसतं. खरं सांगू, ते बघून मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

काल नाण्याचा काही संबंधच नव्हता. लेकीच्या हातून दुधाचा ग्लास कलंडला, माझ्या लॅपटॉपवर. मी तोंडही उघडलं नव्हतं, बाबा. नुसती खुर्ची मागे सरकवली. आणि खट्.

या वेळी लेकीने आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं, नाहीतर "शेवटी माझीच मुलगी" म्हणून हसला असतात. पण एवढं कबूल करते. आईने खिडकी उगाच लावली नव्हती.