रविवारी मागे मास्तर नसेल

सौ. चतुराबाईस,
चारठाण्याच्या घरी सगळ्यांना पुण्याहून आशीर्वाद. मी ठीक आहे. तुझा खोकला थांबला का?

नात अपेक्षा चालवायला शिकते ते विमान पाहिलं. त्याला इंजिनच नाही! दोराने वर ओढतात आणि सोडून देतात. खुर्च्या दोन. पुढे पोरगी, मागे मास्तर. दोघांपुढे एकेक दांडी, एक हलली की दुसरी हलते. मास्तर मला म्हणतो, "आजोबा, ती नीट चालवत असेल तर मी हातच लावत नाही." हात न लावण्याचा पगार!

रविवारी तर हा शहाणा खालीच उभा राहणार. अपेक्षा एकटी जाणार. वजन कमी पडतं म्हणून तिच्या खुर्चीत शिशाचे तुकडे ठेवणार. पोरीला पोटभर जेवू घालायचं सोडून शिसं!

ती सतराची, म्हणून घरच्याची सही लागते. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "आबा, घाबरायलात तुमी, मी न्हाई."

सही केली. सूनबाईला वाटतं, मास्तर कायम मागे असतो. तिला वाटू दे. अपेक्षा उतरली की फोन करीन. सून तुझ्याजवळ असेल, म्हणून फक्त "जेवलो" म्हणेन. त्याआधी मी जेवणार नाहीच.

काळजी करू नकोस.
बन्सीधर