दुसऱ्यांदा भाजलेले पाव

प्रिय युस्टिनाताई,

या घरात तुझं नाव काढायची बंदी आहे, म्हणून हे पत्र दूधगाडीवाल्या एलॉयच्या हाती वसाहतीबाहेर, सांताक्रूझ शहरात तुझ्याकडे धाडतो आहे. ताई, मला फार भीती वाटते आहे. आपल्या घरातून कुणीतरी वसाहत सोडून जाणार आहे, आणि आज सकाळपर्यंत मला वाटत होतं ती आई असेल.

शनिवारी तिनं नेहमीसारखे ट्वीबाक पाव केले, मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा. रविवारी कॉफीबरोबर थोडे संपले. सोमवारी बाबा ज्वारीकडे गेल्यावर तिनं उरलेले फोडून पुन्हा भट्टीत लावले. वास ओळखून शेजारची सुशमावशी कुंपणाशी आली. "काय गं मारिया, पणजीसारखी रशिया सोडून निघालीस की काय?" "उंदरांना घालतेय," आई म्हणाली, "तूही ये." दोघी हसल्या.

तुला आठवतं? एकावर एक दोन गोळे, म्हणून ट्वीबाक, असं मी लहानपणी ठासून सांगायचो. आजोबा म्हणायचे, "अरे शहाण्या, ट्वी म्हणजे दोनदा आणि बाक म्हणजे भाजलेलं." पण आपण तर एकदाच भाजतो, असं मी म्हणायचो. तेव्हा ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा भाजायचं ते गाव सोडताना. वाळला की वाटेत टिकतो. देव करो आणि तुला त्या नावाचा अर्धाच अर्थ कळो."

सगळी वसाहत गाव सोडते तेव्हा पोती भरतात. आईनं भरला उशीचा एक अभ्रा, म्हणजे एकाच माणसाची शिदोरी. तेव्हापासून मी तिच्या शालीवर, जोड्यांवर नजर ठेवून होतो.

आज सकाळी तो अभ्रा माझ्या खाटेखाली सापडला, वर माझा रविवारचा सदरा. मी गोठ्यात धावलो. दूध काढता काढता, मान वर न करता ती म्हणाली, "पेंटेकॉस्टच्या सणाला तुझा बाप्तिस्मा. युस्टिना बाप्तिस्मा घेऊन मग गेली, म्हणून ती वाळीत पडली, तिला माझ्या टेबलाशी बसवता येत नाही. तुला शिकायचंय, मला काय दिसत नाही? बाप्तिस्म्याआधीच जा. म्हणजे कधी आलास तर जेवू घालता येईल." बाबांना काय सांगशील, असं मी विचारलं. ती म्हणाली, "गाय हलते आहे, बाजूला हो."

गुरुवारी दूधगाडीनं येतो. मला स्पॅनिश धड बोलता येत नाही. तिथल्या डेअरीच्या फाटकाशी उभी राहा, उशीर करू नकोस. अभ्र्यात तळाशी काही ट्वीबाक पार करपवलेले, वेगळे बांधलेत. मला तसले खाववत नाहीत, हे आईला ठाऊक आहे. तसे कुणाला आवडायचे, हेही.

तुझाच घाबरलेला भाऊ,
डिर्क