गुहागरच्या रस्त्यावर आई

१ ऑक्टो., बुध. ब्राउनश्वाइग
माझी गाडी दुरुस्तीला. ऑफिसातून नोरीनबरोबर आले. (शेजारच्या टेबलावरची, आयरिश.) गावाबाहेरच्या रस्त्यावर, लांडश्ट्रासंवर, दाट धुकं. म्हणाली, आमच्याकडे असल्या रस्त्याला कोणीतरी सोबतीला येतं. तिचे आजोबा रात्री जनावरांच्या बाजारातून घरी निघालेले, सायकल हातात. बाजूने एक बाई चालायला लागली. अक्षर बोलली नाही. चर्चच्या फाटकाशी आत वळली, तेव्हा चाल ओळखली. त्यांची वारलेली बहीण.
म्हटलं, घाबरले नाहीत?
"अगं, बहिणीला कोण घाबरतं?"

५ ऑक्टो., रवि.
बाबांना चिपळूणला फोन. नोरीनची गोष्ट सांगितली, आवडेल म्हणून. लहानपणी दिवे गेले की तेच आम्हाला चकव्याच्या गोष्टी सांगायचे. आई आतून ओरडायची, "अहो, पोरं मग रात्री मोरीतसुद्धा जात नाहीत!"
आज हसले नाहीत. मग, "मलाही भेटली होती. तुझी आई."
तेव्हा आईला जाऊन महिना झाला असेल. बाबा गुहागरहून स्कूटरवर परत येत होते. अंधार. चढणीला मागची सीट जड झाली. आई दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसायची, तसा भार. पदर फडफडल्याचा आवाज. वळून बघितलं नाही. "बघितलं असतं तर उतरली असती." गाडी अगदी सावकाश आणली. घराच्या वळणावर भार गेला.
इतकी वर्षं कोणाला बोलले नाहीत. मला रडू आलं. तर विचारतात, जेवलीस का.

८ ऑक्टो.
बाबांचा व्हिसा आला! तीन महिने तरी या, म्हणून किती मागे लागले होते. त्यांचा आवाज मात्र पडलेला. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी अंधारात गाडी चालवायला मनाई केलीय. तरी दर आठवड्याला स्कूटरवर गुहागर, परत येणं अंधारातच. काय काम असतं ते आत्ता कळतंय. भीती वाटते. रागावू कशी पण...

१२ ऑक्टो., रवि.
"तिकीट काढू, बाबा?"
"दिवाळी होऊ दे."
मग हळूच, "तुमच्याकडचे रस्ते कसे आहेत गं?"
म्हटलं, झाडीचे. शांत. थंडीत लवकर अंधार पडतो.
"बरं आहे." थोड्या वेळाने, "इतक्या लांब ती यायची नाही पण."
परवा नोरीनला हेच विचारलं होतं. त्यांच्यात म्हणतात, गेलेली माणसं वाहतं पाणी ओलांडत नाहीत. बाबांना नाही सांगितलं. म्हटलं, "तुम्ही या तर खरं. संध्याकाळी चालायला जाऊ आपण."
फोन चालूच होता, मागे त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. "थांब, गॅस बंद करून येतो," म्हणाले.