डब्यातली ताकद

९ फेब्रुवारी
आज जिम लावली. कारण: शनिवारी बाबांना खुर्चीतून पलंगावर ठेवताना हातातून निसटले. लागलं नाही, गादीवरच पडले. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं वजन वाढलंय, असं माझं मत. बायको म्हणते, घटलंय. डॉक्टरही तेच म्हणाले, पण डॉक्टरांना कुठे उचलायचंय? संकल्प: तीन महिन्यांत बाबांना एका हाताने उचलणार. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, तोवर दोन हातांनी उचला.

१३ फेब्रुवारी
सर्वांग ठणकतंय. ऑफिसात सही करताना पेन थरथरलं. ट्रेनर म्हणाला, याला थकवा म्हणू नका सर, स्नायू घडतायत. घडत्या स्नायूंवर भलतं ओझं टाकायचं नसतं. म्हणून बाबांना उचलण्याचं काम तात्पुरतं बायकोकडे दिलं. तिने पदर खोचला. समजूतदार आहे.

१६ फेब्रुवारी
मी दमतो याचं कारण व्यायाम कमी हे नसून पावडरी कमी हे आहे, असं ट्रेनरचं निदान. तीन डबे घेतले. एक व्यायामाआधी, एक मध्येच, एक नंतर. आधीच्याने गालांना आणि कानांना मुंग्या येतात. कान इतके जिवंत आजवर कधी वाटले नव्हते. त्या जोशात बैठका मारल्या. शेवटच्या बैठकीला खाली गेलो तो वर आलोच नाही. दोघांनी काखेत हात घालून उठवलं. डब्याचा असर व्हायला वेळ लागतो.

२२ फेब्रुवारी
बाबांकडून व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीवाली मुलगी येते. आज बाबा वॉकर धरून उभे राहिले! बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच वेळी बाही वर करून दंड दाखवत होतो. कोणी पाहिला नाही. मुलगी म्हणाली, पडून पडून यांचे स्नायू झिजलेत, डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रोटीन पावडर न चुकता द्या. प्रोटीन या विषयावर मी तिला थोडं मार्गदर्शन केलं. तिने शांतपणे ऐकून विचारलं, यांना रोज उचलतं कोण? मी पंखा कमी केला.

२ मार्च
माझा प्रोटीनचा मोठा डबा संपला. ट्रेनर रजेवर. ऐन भरात असलेले स्नायू उपाशी मारायचे का? कपाटात बाबांचा डबा होता. मागचा मजकूर वाचला. माल तोच, वर जीवनसत्त्वं. दोन चमचे घेतले. विचार केला: उभ्या गाडीला पेट्रोल कशाला? धावणारी गाडी मी. शिवाय ही ताकद बाबांना उचलण्यासाठीच कमावतोय. म्हणजे एका अर्थी ते बाबांनीच घेतलं.

११ मार्च
बाबांची पावडर व्हॅनिला. माझ्या पावडरीपेक्षा चवीला बरी. डबा फार भराभर उतरायला लागला, म्हणून त्यात कॉर्नफ्लोर मिसळलं. रंग हुबेहूब. तेही शेवटी पौष्टिकच. बायकोने नेहमीसारखा कप भरून दिला. बाबांनी एक घोट घेतला, कपाच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि बाकीचं पिऊन टाकलं. तक्रार नाही. म्हणजे चवीत फरक नाही.

१९ मार्च
बाबा उभे राहिले आणि लगेच गुडघ्यांत मोडले. पाय लटलट कापत होते. फिजिओवाली मुलगी म्हणाली, मागच्यापेक्षा लवकर दमतायत, हे काही बरं लक्षण नाही. मी बाबांना म्हटलं, थकवा मनात असतो, जरा दात-ओठ खाऊन उभे राहा. बाबा अर्ध्या तोंडाने म्हणाले, सगळी सोंगं आणता येतात रे, ताकदीचं नाही येत. प्रांजळ कबुली दिली. आवडलं.
ता. क. बायकोची कंबर धरली. बाबांना उचलताना गुडघ्यांऐवजी कमरेतून वाकते. दारात उभं राहून तिला तंत्र समजावलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वेदनेत माणसाचं लक्ष लागत नाही.

२७ मार्च
ऑफिसचा शिपाई म्हणाला, साहेब, आजारी होता का? घडीव चेहऱ्याची लोकांना सवय नसते.

४ एप्रिल
फिजिओवाल्या मुलीने टेपने बाबांची मांडी मोजली आणि बायकोला विचारलं, पावडर देता ना? बायको म्हणाली, माझ्या हाताने देते, एक दिवस चुकवलेला नाही. मुलीने डबा मागितला. वास घेतला. चिमूट बोटांत चोळली. मला तहान लागल्यामुळे मी स्वयंपाकघरात गेलो. तिथून बाबांचा आवाज ऐकू आला. म्हणाले, मीच त्याला सांगितलं होतं. ती पावडर मला पचत नाही, दुसरं काहीतरी घाल म्हणून. सुनेला कळू देऊ नकोस म्हटलं. त्याची चूक नाही.
बरं झालं, स्वतःच बोलले. चूक कबूल करायला मोठं मन लागतं. बायको मात्र जेवली नाही. कंबरदुखीने भूक मरते.

१२ एप्रिल
दुपारी बाबांना धाप लागली. ओठ निळसर. ॲम्ब्युलन्स खाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. घोडामैदान समोर! बायको म्हणाली, अहो, उचला. मी म्हटलं, एक मिनिट. व्यायामाआधीच्या पावडरचा डबल डोस घेतला. तो भिनायला जरा वेळ द्यावा लागतो, पण बायको किंचाळायला लागली. बाबांना पाठीवर घेतलं. पहिला जिना उतरलो. मुंग्या आल्या, पण कानांना. पायांत काहीच आलं नाही, होतं तेही गेलं. लँडिंगवर बसलो. बाबा अंगावर.
बायको कमरेचा पट्टा आवळून धावत आली. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशीही आल्या. दोघींनी बाबांना खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलली आणि मला ओलांडून गेल्या. मावशींची चप्पल माझ्या बोटांवर पडली. मी ओरडलो. कुणी थांबलं नाही.
संध्याकाळी बसत बसत वर आलो.

१५ एप्रिल
बाबा धोक्याबाहेर. लघवी काळपट होते म्हणून मीही डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, झेपणार नाही एवढा ताण दिलात, स्नायू तुटलेत, किडनीवर आलंय. पाणी प्या, पडून राहा, वजन उचलू नका. म्हटलं, तेच तर दोन महिने पाळतोय.

२० एप्रिल
बायको बाबांना घेऊन दवाखान्यातून परस्पर तिच्या बहिणीकडे गेली. तळमजला आहे, म्हणाली. सोयीचं आहे.

१७ मे
फोन केला. बाबा आज वॉकरशिवाय दारापर्यंत चालले. मी विचारलं, कोणती पावडर? बायको म्हणाली, डॉक्टरांनी लिहून दिली होती तीच. म्हटलं, आता माझी तब्येत ठीक आहे, उद्या न्यायला येतो. ती म्हणाली, नको. म्हटलं, बाबांना दे.
बाबा फोनवर आले. शब्द आता स्पष्ट येतात. म्हणाले, त्या दिवशी पावडरीबद्दल मी खोटं बोललो ते तुला वाचवायला नव्हे. पोरीचा संसार मोडू नये म्हणून. काल तिनेच मला सांगितलं, तिला हा संसारच नकोय. तेव्हा येऊ नकोस.
फोन त्यांनीच ठेवला.
बाबांच्या बोलण्यात आता चांगला दम आलाय, एवढं खरं.