रिकाम्या झोळीचं वजन

सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१. पिंपळनेर

आले एकदाची. अमळनेर ते धुळे, धुळे ते साक्री, साक्री ते इथे. तीन एसट्या, दोन पिशव्या आणि साडेतीन महिन्यांचा पुना. पुनवेला जन्मला म्हणून सासूबाईंनी ठेवलेलं नाव. कागदावर दुसरं आहे, पण त्या नावाला हे छोटे साहेब मान वळवत नाहीत. मुख्यसेविका म्हणून वीस अंगणवाड्या माझ्या अंगावर पडल्यात, तरी आज फार बरं वाटतंय. घर छान मिळालं. मालकीण मंजुळाअक्का पन्नाशीच्या, एकट्या. पुनाला बघताच त्यांनी कडेवर घेतलं. मागे मोरी आणि एक शेवगा आहे. नऊ ते चार मी फिरतीवर, पुना अक्कांकडे. म्हणजे आम्ही दोघंही आजपासून ड्युटीवर.

मंगळवार, १२

भावाने मस्कतहून पाठवलेलं यंत्र आज लावलं. दूध काढायचं, विजेवर चालणारं. वीज गेली तर दोन सेलवरही चालतं, म्हणून फिरतीला नेता येतं. मी अमळनेरहून निघण्याआधी यांनी त्याची पुस्तिका अशी पाठ केली, जणू दूध हेच काढणार आहेत. कप, झडप आणि बाटली वीस मिनिटं उकळायची, स्वच्छ फडक्यावर वाळवायची. झडप नीट बसली नाही तर ओढ लागत नाही. ओढ कमी-जास्त करायची चकती आधी एकावर ठेवायची, मग हळूहळू तीनवर न्यायची. एकसारखी घरघर सुरू झाली आणि मला हसूच आलं, गोठ्यात बसल्यासारखं वाटलं. पंधरा मिनिटांत शंभर मिली निघालं. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. अक्का वाटी-चमच्याने पाजतील.

संध्याकाळी उरलेलं दूध मोरीत ओतत होते, तर अक्कांनी मनगट धरलं. "मोरीमा नको टाकू, बाई. पाय पडतस. शेवगाना बुडे टाक."

शेवग्याखाली एक चपटा दगड आहे. त्यावर ओतलं. आमच्याकडेही आईचं दूध पायदळी येऊ देत नाहीत.

खात्याचा वजनकाटा घरीच आहे. आढ्याला टांगला, खाली कापडी झोळी लावली. पुना पाच किलो सहाशे. सामान्य श्रेणी! गावभर मिरवावं असं बाळ.

शुक्रवार, १५

रोज उरलेलं दूध त्या दगडावर ओतते. लगेच जिरतं.

पुना आज पाच किलो तीनशे. फिरतीचा परिणाम असेल. त्याला काढून घेतल्यावर मात्र काटा शून्यावर आला नाही. रिकामी झोळी तीनशे ग्रॅम दाखवत होती. स्क्रू फिरवून शून्यावर आणला, हात काढताच पुन्हा तीनशे. झोळी काढून वाण्याचं किलोचं माप टांगलं तर बरोबर एक किलो. काटा ठीक आहे. मग झोळीत काय आहे? आत हात फिरवून पाहिला. कापड ऊबदार लागलं. पुना नुकताच होता ना त्यात.

सोमवार, १८

पुना चार किलो नऊशे. त्याला काढल्यावर झोळी सातशे.

बेरीज करायला नको होती, पण आमची सवयच ती. शुक्रवारीही पाच सहाशे, आजही पाच सहाशे.

आणखी एक. यंत्राची घरघर एकसारखी राहिलेली नाही. दोनदा ओढतं, मग थांबतं. दोनदा ओढतं, थांबतं. घोट गिळायला बाळ थांबतं ना, तसं. आज छाती पूर्ण हलकी झाली आणि बाटलीचा नुसता तळ ओला. कुठे गळती नाही. कपडे कोरडे. मला भीती वाटते आहे.

बुधवार, २०

पुना चार शंभर. कुपोषणाची दुसरी श्रेणी. माझं मूल. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पावडरचं दूध उलटून टाकतो.

झोळी दीड किलो.

शेजारच्या अंगणवाडीच्या कुंदाबाईंना शेवग्याचं विचारलं. त्यांनी सांगितलं. अक्कांचं पोर तिथे पुरलंय. बाळंतपणानंतर त्यांना दूधच आलं नाही, ते महिन्याभरात उपाशी गेलं. इथली रीत अशी, की तान्हं पुरल्यावर आई पाच दिवस त्यावर दूध पिळते. तेही त्यांना जमलं नाही. तेव्हापासून दगड कोरडा होता.

मी येईपर्यंत.

गुरुवार, २१

अक्कांना तोंडावर विचारलं. पुनाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नाकारलं नाही. डोळे पुसत एवढंच म्हणाल्या, "तीस वरीस व्हई गयात, बाई. भुक्याच शे तो."

तीस वर्षं भुकेलाच आहे, म्हणे. संताप आला. मग लाज वाटली. उपाशी मुलं शोधून वजन करायचं, हेच तर माझं काम. पण पुना—

त्याला ओढून घेतला. उद्या पहिल्या गाडीने अमळनेर.

सेल काढले. तार काढली. यंत्र कपाटात घालून कुलूप लावलं. तरी ओढ लागते — दोनदा, थांबा — दोनदा — पदराखाली कोणी नाही —

पुनाला छातीशी लावलं. त्याच्या तोंडात थेंब नाही.

झोळी तीन किलो दोनशे. पुनाचं वजन करायचा धीर झाला नाही.

शुक्रवार, २२. सकाळ

पिशव्या दारात. गाडीला अर्धा तास.

पुना रडत नाही. पहाटेपासून नाही. पाळण्यात गुंडाळून ठेवलाय, इथून फक्त दुपटं दिसतंय —

झोळी हलते आहे. वारा नाही. खाली ताणली गेलीय, गोल — अक्का तिच्यापाशी बसल्यात, हळूहळू झोका देतायत. हसतायत.

काट्याकडे बघायचं नव्हतं.

पाच किलो सहाशे.

नाही — काटा चुकतोय — पुना इथे आहे, दुपट्यात आहे, मी उचलते, हे बघ उचलला — हाताला नुसतं दुपटं —